पूजेतला प्रोजेक्टर

पडदा निळा झाला आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

निळ्या पडद्याच्या मधोमध 'नो सिग्नल' अशी अक्षरं होती. डोंगरे सरांनी माइक तोंडाजवळ धरून जाहीर केलं, "प्रोजेक्टर सुरू झालेला आहे." पुन्हा टाळ्या वाजल्या.

"झाला का गं सुरू?" शेजारी बसलेल्या आत्तीनं मला विचारलं.

"नाही."

"मग टाळ्या कशापायी वाजवत्यात?"

"निळा रंग आवडला असेल."

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आणि आम्ही दोघी बसलो होतो सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात, आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याला. सुनेला घेऊन वधू-वर मेळाव्याला आलेली सासू त्या हॉलमध्ये एकच होती. माझ्या पदराला पिनेनं एक गोल कागद लावला होता. त्यावर अठ्ठावन्न हा आकडा होता.

ही दोन हजार अकराच्या डिसेंबरातली गोष्ट. अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन चार वर्षं झाली होती. डेंग्यूचा ताप आला, आठ दिवस दवाखान्यात होता, नवव्या दिवशी गेला. मूलबाळ नव्हतं. घरात उरलो मी आणि आत्ती. मी तेहेतीस वर्षांची, आत्ती पासष्टची. आमचं बरं चाललं होतं. मी सकाळी कॉलेजात जायचे, संध्याकाळी परत यायचे, आत्ती भाकऱ्या करून ठेवायची. मला वाटत होतं, असंच चालावं. आत्तीला तसं वाटत नव्हतं. तिनं दिवाळीत विषय काढला आणि भाऊबीजेपर्यंत सोडला नाही.

शेवटी मी एक अट घातली. एकदाच मेळाव्याला यायचं. पडद्यावर माझा फोटो दाखवतील, नाव वाचतील. कुणी विचारलं तर बघू. कुणी विचारलं नाही, तर हा विषय आयुष्यात पुन्हा काढायचा नाही.

"कबूल," आत्ती म्हणाली. "पर फोटू दावला पायजे. फोटूच दावला न्हाई तर ती येळ धरायची न्हाई."

मी हो म्हटलं. कोण विचारणार आहे, असा माझा हिशेब होता. आणि मनातून मला तेच हवं होतं. मी गेले तर आत्ती त्या घरात एकटी काय करणार होती? हे मी तिला बोलून दाखवलं नव्हतं. बोलले असते तर तिनं मला हाताला धरून दुसऱ्याच दिवशी कुठल्या तरी मेळाव्यात नेऊन उभं केलं असतं.

त्यामुळे पडद्यावर 'नो सिग्नल' दिसलं तेव्हा मला खरं तर आनंदच व्हायला हवा होता. फोटो नाही, मेळावा नाही, घरी जाऊन पिठलं-भाकरी. पण माझी एक अडचण होती. मी एका अभियांत्रिकी कॉलेजात लॅब असिस्टंट होते आणि सेमिनार हॉल, वर्गखोल्या मिळून चौदा प्रोजेक्टर माझ्या ताब्यात होते. गेली नऊ वर्षं, दिवसातून पाच वेळा, कुणीतरी दारात येऊन म्हणायचं, "मोहिते मॅडम, प्रोजेक्टर चालत नाही." बिघडलेला प्रोजेक्टर समोर आणि मी हाताची घडी घालून बसलेली, हे माझ्या शरीराला माहीतच नव्हतं.

तरी मी दहा मिनिटं बसले. तेवढ्यात डोंगरे सरांनी लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. सर निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे कार्यवाह. सगळ्या उमेदवारांचे फोटो आणि माहिती त्यांनी स्वतः महिनाभर बसून लॅपटॉपवर चढवली होती. मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी हेमलताताई शेजारी आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या. सकाळी प्रोजेक्टरची पूजा त्यांनीच केली होती. पूजा चालू असताना आत्ती कुतूहलानं टेबलाजवळ गेली होती. "तुम्ही बसा हो आजी," हेमलताताई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "आम्ही सवाष्णी करतो." आत्ती येऊन बसली होती.

सरांनी तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद केला तेव्हा मी उठले.

"कुठं निघालीस?" आत्तीनं माझा हात धरला.

"केबल चुकीच्या भोकात आहे."

आत्तीनं माझा हात सोडला. ती हसली का नाही, ते मी वळून बघितलं नाही.

केबल खरंच चुकीच्या भोकात होती. प्रोजेक्टरला एकसारखी दिसणारी दोन भोकं असतात, एक चित्र आत घ्यायचं आणि एक बाहेर सोडायचं. सर बाहेर सोडायच्या भोकातून चित्र आत कोंबत होते. मी केबल बदलली, लॅपटॉपवरची दोन बटणं एकदम दाबली आणि पडद्यावर उमेदवार क्रमांक एक अवतरला. तो इस्लामपूरचा एक इंजिनिअर होता. तो उलटा होता. डोकं खाली, टाय वर.

हॉल मनापासून हसला. इंजिनिअरची आई हसली नाही.

"मशीनच उलटं ठेवू या की," सर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केलेसुद्धा.

"नको. बटणं दाबताना छताला टांगायची सेटिंग झालीय. मेनूतून काढते."

मेनू उघडला तर तो कुठल्या तरी परक्या भाषेत. बहुतेक पोर्तुगीज असावी. पण मेनूची भाषा मी कधी वाचतच नव्हते. तिसरा रकाना, वरून दुसरी ओळ, उजवीकडचं बटण. इंजिनिअर सरळ झाला. त्याच्या आईनं माझ्याकडे बघून मान हलवली. मग तिचं लक्ष माझ्या पदरावरच्या आकड्याकडे गेलं आणि ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. पन्नासच्या पुढचे आकडे पुनर्विवाहवाल्यांचे होते.

आता इंजिनिअर सरळ होता, पण त्याचं डोकं रुंद आणि कंबर अरुंद दिसत होती. टेबल बुटकं, पडदा उंच, म्हणून चित्राचा वरचा भाग पसरत होता. प्रोजेक्टरखाली काहीतरी जाड द्यायला हवं होतं.

"ही चालतील?" मागून कुणीतरी विचारलं.

एक माणूस मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा घेऊन उभा होता. चाळिशीचा, सावळा, केस बारीक कापलेले. खिशावर सत्तावन्न.

"किती देऊ?"

"चार. मी उचलते, तुम्ही सरकवा."

"तुम्ही सरकवा, मी उचलतो. वजन आहे."

"प्रोजेक्टरला वजन नसतं."

"ह्याला आहे," तो म्हणाला. बरोबर होतं. प्रोजेक्टर कुणीतरी आईच्या स्मरणार्थ दिलेला होता आणि त्यावर दात्याच्या नावाची पितळी पाटी होती, लेन्सपेक्षा मोठी. वर झेंडूचा हार. आम्ही चार स्मरणिका खाली सरकवल्या आणि मी चित्र चौकोनी करून घेतलं.

त्याचं नाव जयवंत साळुंखे. तासगावला द्राक्षांच्या शीतगृहात थंडाईची यंत्रं सांभाळतो, एवढं त्यानं सांगितलं. बाकीचं त्याच्या आकड्यावरून कळत होतं.

मला वाटलं, झालं, आता जाऊन बसावं. पण सरांनी मला बसू दिलं नाही. "मोहिते, तुम्ही इथंच थांबा. मी नावं वाचतो, तुम्ही बटण दाबा." मी खुर्ची ओढून प्रोजेक्टरशेजारी बसले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आपल्याला जे व्हायला नको आहे, ते आपणच तासभर झटून चालू करून दिलं आहे.

बारा उमेदवार छान झाले. तेराव्या मुलीच्या अपेक्षा सर वाचत होते, "निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, एकुलता एक नसावा..." आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली," कुणीतरी म्हणालं. सगळे पंखे फिरत होते.

मी प्रोजेक्टरवर हात ठेवला आणि लगेच काढला. तवा झाला होता. हार बरोबर दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर बसला होता, हवा आत जायला जागा नव्हती आणि बाहेर यायलाही. मी हार उचलला.

"अहो, अहो!" हेमलताताई धावल्या. "उद्‌घाटनाचा हार आहे तो. मध्येच काढायचा नसतो."

"ताई, गुदमरून बंद पडलाय तो."

"मग खाली तरी ठेवू नका. पायदळी येईल."

दोन हातांत हार घेऊन मी इकडे-तिकडे बघितलं. टेबलावर जागा नव्हती. जवळ डोंगरे सर होते. मी हार त्यांच्या गळ्यात घातला.

वधू-वर मेळाव्यात एका उमेदवार बाईनं भर हॉलमध्ये कार्यवाहांच्या गळ्यात हार घातला, हे दृश्य लोकांना फार आवडलं. शिट्टीसुद्धा वाजली. सरांच्या पत्नी दुसऱ्या रांगेत होत्या. सरांनी हार ताबडतोब काढून माइकच्या दांडीला अडकवला आणि मग दिवसभर माइकला हार होता.

मशीन निवेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मी बाजूचं झाकण उघडून फिल्टर बघितला. फिल्टर म्हणजे स्पंजाची चपटी पट्टी, धूळ अडवायला असते. कॉलेजात ती पट्टी राखाडी व्हायची. ही पिवळी होती. मधूनमधून लाल. एका कोपऱ्यात ती फाटली होती आणि तिथं तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अक्षत," हेमलताताई म्हणाल्या.

"आत कशी गेली?"

"दर दसऱ्याला पूजा करतो ना आम्ही. खंडेनवमीला. तीन वर्षं मी स्वतः केलीय, एकदाही चुकवली नाही."

"आणि चालू कधी केला होता?"

"चालू आजच," सर म्हणाले. "आधी प्रसंग नव्हता."

म्हणजे तीन वर्षं हे मशीन फक्त पुजलं गेलं होतं. प्रत्येक दसऱ्याला जाळीवर चिमूट चिमूट हळदीकुंकू पडत गेलं आणि आज पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा त्यानं ते सगळं आत ओढून घेतलं.

"आमच्या शीतगृहातही यंत्राला हार घालतात," जयवंत साळुंखे म्हणाला. तो अजून तिथंच उभा होता. "लोक गेले की मी काढून ठेवतो."

वीस मिनिटांनी प्रोजेक्टर पुन्हा लावला. तेरावी मुलगी आली. तिच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू होतं.

"आधी नव्हतं," तिचा भाऊ मोठ्यांदा म्हणाला.

मी पुढचं बटण दाबलं. चौदावा मुलगा आला. त्याच्याही कपाळावर तसंच गंध, त्याच जागी, तेवढंच. पंधरावा, सोळावी. एव्हाना हॉल खिदळायला लागला होता.

काय झालंय ते मला कळलं होतं. प्रोजेक्टरच्या पोटात तीन छोट्या काचा असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या. हिरव्या काचेवर कण बसला की तेवढ्या जागी हिरवा उजेड अडतो आणि पडद्यावर तिथं गुलाबी-लाल ठिपका उमटतो. सरांनी सगळे फोटो एकाच मापाचे आणि एकाच जागी लावले होते. ठिपक्याची जागा आणि कपाळाची जागा एक आली होती. मी हे सरांना समजावलं.

"निघेल?"

"उघडावा लागेल. अर्धा-पाऊण तास."

"तीनला हॉल सोडायचाय. बारसं आहे इथं." सर हेमलताताईंकडे वळले. "काय म्हणता?"

हेमलताताईंनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर सतरावी होती, मिरजेची शिक्षिका. "राहू दे की," त्या म्हणाल्या. "उलट किती शुभ दिसतंय."

तर मग तसंच चाललं. इंजिनिअर, डॉक्टर, शेतकरी, बँकवाले, सगळ्यांना कुंकू लागलं. जेवायच्या सुट्टीत लोक एकमेकांना म्हणत होते की यंदाचा मेळावा पार पडणार, देवाचीच इच्छा दिसतेय. आत्ती माझ्याशेजारी मसालेभात खात होती. सकाळपासून ती पडद्यावरची नजर काढत नव्हती, तेवढं मी पाहिलं होतं.

पुनर्विवाहवाले जेवणानंतर होते. निम्मा हॉल उठून गेला होता, उरलेल्यांतले निम्मे पेंगत होते. मला ते बरंच वाटलं. जितके कमी लोक, तितकं लवकर घरी. एकावन्न ते सत्तावन्न सगळे पुरुष होते. कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाची बायको गेलेली. सातही जणांच्या कपाळावर ठिपका पडला आणि कुणीच काही बोललं नाही. सत्तावन्नावा जयवंत होता. फोटोत तो शीतगृहाच्या दारात उभा राहून डोळे बारीक करून बघत होता. सरांनी वाचलं, "पत्नी तीन वर्षांपूर्वी निवर्तली. अपेक्षा..." आणि थांबले. "अपेक्षा लिहिलेली नाही."

मग मी बटण दाबलं आणि माझा फोटो आला.

तो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो होता. चार वर्षं मी कपाळाला काही लावलं नव्हतं. कुणी बंदी केली नव्हती. आत्तीनं तर नाहीच. एकदा लावायचं थांबले आणि मग पुन्हा लावायला काही कारण सापडलं नाही. आता आठ फुटी पडद्यावर माझा चेहरा होता आणि त्याच्या कपाळावर कुंकू होतं. ती बाई मला ओळखीची होती आणि मी तिला विसरले होते.

"अठ्ठावन्न, हर्षदा अविनाश मोहिते," सर वाचू लागले, "वय तेहेतीस, विधवा..." तो शब्द माइकवरून गेला आणि पेंगणारे जागे झाले. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली.

हेमलताताई लगबगीनं सरांजवळ आल्या. त्या हळू बोलत होत्या, पण माइक चालू होता. "अहो, घालवा ते चित्र. बरं दिसत नाही. बाई विधवा आणि कपाळावर... लोक काय म्हणतील?"

"सकाळी तर तुम्हीच शुभ म्हणालात."

"सकाळचं वेगळं होतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. सर वाईट नव्हते. मान खाली घालून ते म्हणाले, "मोहिते, तुमचा परिचय आपण तोंडीच देऊ. फोटो घालवता का?"

रिमोट माझ्या हातात होता. त्यावर एक बटण असतं, ते दाबलं की मशीन चालू राहतं आणि पडदा काळा होतो. माझा अंगठा त्याच्यावर होता. एकदा दाबलं की संपलं. फोटो दाखवला गेला, पण धड दाखवलाही गेला नाही. कुणी विचारणार नाही, विषय मिटेल, मी आणि आत्ती साडेतीनच्या एसटीनं घरी. सकाळपासून मला हेच हवं होतं.

मला ते बटण दाबवलं नाही.

"मोहिते?" सर म्हणाले. मग त्यांनी माझा नाद सोडला. "साळुंखे, तुमच्या पायाशी बोर्ड आहे. तेवढं बटण बंद करा."

जयवंत माझ्या मागच्या खुर्चीत होता. तो वाकला. बराच वेळ वाकून त्यानं खुर्चीखाली बघितलं. "सापडत नाही, सर," तो म्हणाला. बोर्डाचा लाल दिवा त्याच्या चपलेला चिकटून जळत होता.

"असं एकदम बंद करायचं नसतं, सर," मी म्हणाले. "लॅम्प जातो." चौदा प्रोजेक्टरांच्या अनुभवावर मी हे बोलले आणि त्यात निम्मं खोटं होतं.

तेवढ्यात आत्ती उठली. तिसऱ्या रांगेतून वाट काढत ती स्टेजकडे निघाली. पायऱ्या चढताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला. आत्तीची उंची चार फूट दहा इंच, अंगावर फिकट राखी पातळ, डोक्यावर पदर. ती पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. सरांनी माइक पुढे केला, तर तिनं तो हातानं बाजूला सारला.

"माजी सून हाय ती," आत्ती म्हणाली. तिचा आवाज शेतातून हाक मारायच्या सवयीचा होता, माइकची गरज नव्हती. "सकाळधरनं ह्या मशिनीला हात कुणी लावला? तिनं. तुमच्या पोरापोरींची तोंडं कुणी सरळ केली? तिनं. आन् तिचं तोंड आलं तवा तुमाला घालवायचं सुचतंय व्हय?"

हेमलताताई तबक शोधत होत्या.

आत्तीनं पडद्याकडे एकदा वळून बघितलं. मग ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली. माझ्या फोटोचा उजेड तिच्या अंगावर आला. माझा एक डोळा तिच्या खांद्यावर, माझी हनुवटी तिच्या पदरावर. आणि ठिपका बरोबर तिच्या कपाळाच्या मध्यावर पडला.

"मी यकतीस वर्सांची हुते," ती म्हणाली, "तवा मालक गेले. पोरगं सा वर्सांचं. मला असं कुनी कुटं आनलं न्हाई. कुनाच्या मनातबी आलं न्हाई. म्हनून मी हिला आनलीया. ज्याला हे खुपतंय त्यानं डोळं मिटावं. फोटू हलायचा न्हाई."

उजेडानं तिचे डोळे मिचमिचत होते, पण ती हलली नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा आत्तीच्या कपाळावर कुंकू होतं आणि ते तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी रिमोट टेबलावर ठेवला. मी रडत होते. प्रोजेक्टरच्या मागे अंधार असतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

पूर्ण एक मिनिट फोटो पडद्यावर राहिला. मग डोंगरे सरांनी घसा साफ केला आणि वाचलं, "शिक्षण बीएस्सी. नोकरी करते. अपेक्षा..." त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. "अपेक्षा लिहिलेली नाही."

आत्ती खाली उतरली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "दिसलं का गं नीट सगळ्यांस्नी?"

"दिसलं," मी म्हणाले.

"मग झालं तर."

सोमवारी मी टिकली लावून कॉलेजात गेले. दिवसभरात एकानंच मला थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, तीन नंबर हॉलचा रिमोट कुठंय?"

मेळाव्यानंतर माझ्यासाठी दोन चौकशा आल्या. पहिली विट्याच्या एका शाळेतून होती. त्यांचाही प्रोजेक्टर चालत नव्हता. दुसरी तासगावहून आली. जयवंत पत्र घेऊन स्वतःच आला आणि पत्र खिशातच ठेवून तासभर बसला. मी सांगितलं, आत्ती माझ्याबरोबर येणार असेल तरच. तो म्हणाला, "मी त्यांनाच विचारायला आलोय." आत्ती म्हणाली, सुनेच्या सासरी राहायला जाणारी सासू आपण कुठं पाहिली नाही, आणि ती लग्नानंतर सहा महिने आली नाही. सातव्या महिन्यात पाटा-वरवंटा घेऊन आली.

तिनं स्वतः कपाळाला पुन्हा कधी काही लावलं नाही. मी एकदा कुंकवाची डबी पुढे केली, तर ती म्हणाली, "आता काय करायचंय?" आणि विषय बदलला. त्या दिवशी पडद्यासमोर तिच्या कपाळावर काय पडलं होतं, ते मी तिला कधीच सांगितलं नाही. तिला लाज वाटेल, असं मला वाटायचं. उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून ती सरकली आणि तेवढ्यात ते घडून गेलं, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी कॉलेजनं जुने प्रोजेक्टर भंगारात काढले. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आत्तीजवळ बसले. ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. आता तिला कमी दिसतं, पण बोटं चालतात. माझे चौदाही गेले, असं मी तिला सांगितलं. बोलता बोलता मेळाव्याचा विषय निघाला.

"आत्ती, तुम्ही त्या दिवशी पडद्यासमोर उभ्या होता, तेव्हा उजेड फार लागत होता का डोळ्यांना?"

"लागत हुता की."

"म्हणून डावीकडं सरकला होता ना?"

आत्तीची बोटं थांबली नाहीत. "उजेड लागला म्हंजी मानूस भाईर जातंय गं," ती म्हणाली. "मी आत आले."

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"सकाळधरनं सगळ्यांची कपाळं बगत बसले हुते. कुटं पडतंय त्ये चांगलं ध्यानात आलं हुतं." तिनं एक शेंग फोडून दाणे पाटीत टाकले. "पर तुज्या मशिनीला माजं कपाळ घावंना. म्हनून मीच सरकले."